गावच्या फलकावर काय लिहावं? (संगशाक, मार्च १९४४)

कोयनेकाठचा

मंडळी, एक घरगुती प्रश्न आहे, पण इथं युद्धेतिहासवाले बरेच आहेत म्हणून धागा काढतोय.

आमच्या गावात चावडीच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले, एवढंच. नावं नाहीत. सातारा जिल्ह्यात अशा पाट्या कितीतरी गावांत दिसतील. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्यांची मात्र पाटीसुद्धा नाही. यंदा ग्रामपंचायतीनं ठरवलंय की शेजारी एक ग्रॅनाइटचा फलक बसवायचा आणि त्यावर नावं घालायची. आमच्या घरातलं एक नाव आहे. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, आम्ही त्यांना तात्याआजोबा म्हणतो. म्हणतो म्हणजे काय, पाहिलेलं कुणीच नाही. ४/५ मराठा लाइट इन्फंट्रीत, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटच्या चौथ्या पलटणीत, शिपाई होते. १९४४ मध्ये 'बेपत्ता' अशी तार आली. पुढं काहीच नाही.

अलीकडे मला कळलं की त्यांची पलटण मार्च १९४४ मध्ये मणिपुरात संगशाक इथं ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडच्या हाताखाली लढली. प्रत्येक नावाखाली दोन ओळी मिळणार आहेत. सरपंचांचा मसुदा असा: "देशासाठी लढताना वीरमरण पत्करलेले हुतात्मा". मला तो अडखळतोय, पण का ते नीट सांगता येत नाही. तुम्ही काय लिहाल?

खंदकातला वाचक

चांगला धागा. ज्यांनी संगशाक हे नावच पहिल्यांदा ऐकलंय त्यांच्यासाठी थोडं लिहितो.

५० वी पॅराशूट ब्रिगेड १९४१ मध्ये उभी राहिली. सगळे छत्रीधारी, पण तोवर मोठी मोहीम म्हणून एकही उडी झालेली नव्हती. १९४४ च्या सुरुवातीला जंगलातल्या सरावासाठी त्यांना मणिपुरात पाठवलं. ब्रिगेडिअर होप-थॉमसन. हाताशी १५२ वी भारतीय पॅराशूट बटालियन, १५३ वी गुरखा पॅराशूट बटालियन, डोंगरी तोफा, इंजिनिअर, फील्ड अॅम्ब्युलन्स आणि नेपाळच्या कालीबहादूर रेजिमेंटचे काही लोक. ४/५ मराठा मुळात २३ व्या डिव्हिजनची. ती आधीपासून त्या भागात होती, म्हणून या ब्रिगेडला जोडली गेली. म्हणजे आपली पलटण तिथं पाहुणी.

वरिष्ठांचा अंदाज होता की उखरुलच्या बाजूनं फार तर एखादी छोटी जपानी तुकडी येईल. आली जपानची ३१ वी डिव्हिजन, कोहिमाकडं निघालेली. १९ मार्चला १५२ व्या बटालियनची सी कंपनी पॉइंट ७३७८ या टेकडीवर होती. ती जवळजवळ संपूर्ण गारद झाली. मग ब्रिगेड मागं सरकत २२ तारखेला संगशाकच्या टेकाडावर गोळा झाली आणि २६ च्या रात्रीपर्यंत तिथं तग धरून राहिली. समोर जपानी जनरल मियाझाकीच्या हाताखालची ५८ वी रेजिमेंट, आणि नंतर १५ व्या डिव्हिजनचेही लोक.

खंदकातला वाचक

आणि ती जागा कशी होती तेही सांगायला हवं, नाहीतर "तग धरली" हे दोन शब्द फार स्वस्त वाटतात. लांबी साधारण ८०० यार्ड, रुंदी त्याच्या निम्मी. काटेरी तार नाही. दोन-तीन फूट खणलं की खडक लागायचा, त्यामुळं खंदक कमरेइतकेसुद्धा होईनात. टेकाडावर पाणी नाही. खेचरं तोफगोळ्यांनी मेली, पण पुरायला खोली कुठून आणणार? तशीच पडून राहिली. विमानातून छत्र्यांनी रसद टाकायचे, पण जागा एवढीशी की बरीचशी जपान्यांकडं जाऊन पडायची. वायव्य टोकाला बॅप्टिस्ट मिशनचं चर्च होतं. २६ ला सकाळी जपानी तिथं घुसले आणि त्यांना हुसकायला ब्रिगेड मुख्यालयातल्या लोकांनाही उतरावं लागलं. रात्री इंफाळहून हुकूम आला: वाट काढत बाहेर पडा. चालता येणारे जंगलातून निघाले. ज्यांना हलवता येईना असे जखमी मागंच राहिले.

मिरची-मसाला

म्हणजे छत्रीवाले पायी, आणि छत्र्या सगळ्या शत्रूच्या अंगणात. सैन्याचं नियोजन म्हणजे आमच्या सोसायटीची पाणीपुरवठा समिती.

शेंडेनक्षत्र

इथं विनोद नको होता. असो.

मिरची-मसाला

हलके घ्या. माझे आजोबाही त्याच आघाडीवर होते, सप्लायमध्ये. सगळ्यात जास्त विनोद तेच करायचे.

स्वतंत्र विचार

कटू वाटेल, पण सरपंचांच्या मसुद्यातला 'देशासाठी' हाच शब्द वादाचा आहे. कुठल्या देशासाठी? १९४४ मध्ये गांधीजींसह अर्धी काँग्रेस तुरुंगात होती. १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसं उपाशी मेली. संगशाकच्याच वर्षी, म्हणजे १९४४ च्या १४ एप्रिलला, आझाद हिंद सेनेनं मोइरांगला तिरंगा फडकवला. ते मणिपूरच आणि हेही मणिपूरच. एका बाजूला पगारी नोकरी, दुसऱ्या बाजूला स्वातंत्र्य. फलक लावायचाच असेल तर दुसऱ्यांचा लावा.

हवालदार_निवृत्त

विचारसाहेब, दोन्ही लावा ना, भिंत मोठी आहे.

'पगारी नोकरी' म्हणालात ते खरंच आहे. मीही पगारावरच नोकरी केली, मराठ्यातच, बेळगावला भरती झालो. पगार नसता तर माझ्या आईनं मला पाठवलंच नसतं. त्या महायुद्धात २५ लाखांच्या आसपास भारतीय फौजेत गेले, सक्तीची भरती नसताना. साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातला पोरगा रिक्रुटिंग ऑफिसरसमोर का उभा राहतो ते ज्याच्या घरात दोन वेळची भाकरी पक्की आहे त्यानं ठरवू नये. मोइरांगवाल्यांना माझा सलाम आहेच. पण त्यांच्यातलेही बरेच जण आधी याच फौजेत पगार घेत होते, सिंगापूर पडलं तेव्हा पकडले गेलेले.

आणि पलटणीत माणूस देशासाठी लढतो हे पंधरा ऑगस्टला. बाकीच्या दिवशी तो शेजारच्या मोर्चातल्या माणसासाठी लढतो. हे मी वाचून सांगत नाही.

सुप्रिया_ता

सुभेदार असो वा हवालदार, तुमचा प्रतिसाद चौकटीत लावण्यासारखा आहे, काका.

स्वतंत्र विचार

मी कुणा शिपायाला कमी लेखलं नाही. मी शब्दाबद्दल बोललो. 'देशासाठी' लिहिलं की पुढच्या पिढीला वाटणार, तेव्हा देश आपला होता.

हवालदार_निवृत्त

हे मात्र मान्य.

खंदकातला वाचक

माझा आक्षेप 'देशासाठी'पेक्षा दुसऱ्या एका वाक्याला आहे, जे लवकरच कुणीतरी इथं लिहील. "या ब्रिगेडमुळं कोहिमा वाचलं." दिवस वाचले हे खरं. जपानी ५८ वी रेजिमेंट इथं अडकली, तिचे शेकडो लोक पडले आणि कोहिमाचा वेढा ४ एप्रिलला सुरू झाला. मेलेल्या एका जपानी अधिकाऱ्याजवळ त्यांच्या बेताचा नकाशा सापडला. संगशाकला वेढा पडलेला असताना तो इंफाळला पोचवला, हे तर थरारकच. पण संगशाक हे मियाझाकीच्या वाटेवर नव्हतंच. तो टापू १५ व्या डिव्हिजनचा. बाजूला असलेली फौज बघून तो आपणहून वळला. म्हणजे वाचलेल्या दिवसांचं थोडं श्रेय त्याच्या हट्टालाही द्या.

आणि लढाई संपल्यावर? ब्रिगेडिअरला कमांडवरून काढलं. बरेच दिवस 'ही ब्रिगेड मोडली' असंच बोललं जात होतं. नंतर चौदाव्या सैन्याचा सेनापती जनरल स्लिमनं जाहीर कौतुक केलं, पण तोवर पुष्कळसं बोलून झालं होतं. २०१३ मध्ये लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमनं ब्रिटनची सर्वांत मोठी लढाई कुठली असं मत घेतलं, त्यात इंफाळ-कोहिमा जिंकली. वॉटर्लू आणि नॉर्मंडीला मागं टाकून! तरीही जिथं हातघाईची लढाई झाली ते कोहिमाचं टेनिस कोर्ट सगळ्यांना माहीत आणि संगशाकचं चर्च कुणालाच नाही.

पायी पायी

मी २०१९ मध्ये तिथं गेले होते, म्हणून लिहिते.

कोहिमाची वॉर सिमेट्री डोंगरउतारावर आहे, अगदी शहराच्या मधोमध. १४२० कबरी. टेनिस कोर्टाच्या रेघा अजून सिमेंटनं आखून ठेवल्यात. लोक तिथं फोटो काढतात. पण मी बराच वेळ वरच्या टोकाला होते, क्रिमेशन मेमोरियलपाशी. ज्यांचं दहन झालं अशा ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांची नावं तिथं आहेत. जाधव, मोरे, शिंदे दिसायला लागले की एकदम पाय थांबतात. इंफाळला दोन वेगळ्या सिमेट्री आहेत, एक इंडियन आर्मीची. तिथं ८२८ कबरी आणि शेजारच्या स्मारकावर दहन झालेल्या ८६८ जणांची नावं.

संगशाक तांगखुल नागांचं गाव. टेकडीवर चर्च आहे, अर्थात नवं. ज्या बाईंकडं चहा घेतला त्या म्हणाल्या, आमच्या म्हाताऱ्यांना घरं सोडून रानात जावं लागलं होतं, परत आले तेव्हा गाव ओळखू येईना. हे कुठल्याच फलकावर नाही. लढाई दोन परक्यांची आणि अंगण त्यांचं.

सध्या जायचा विचार असेल तर आधी चौकशी करा. मे २०२३ पासून मणिपूरची परिस्थिती आपल्याला माहीतच आहे. इनर लाइन परमिटही लागतं.

कोयनेकाठचा

पायी पायी, या दोन्ही ठिकाणच्या यादीत मी शोधलं, तात्याआजोबांचं नाव नाही. की मीच चुकीच्या ठिकाणी शोधतोय?

खंदकातला वाचक

चुकीच्या ठिकाणी. दहनाच्या स्मारकावर नाव यायला आधी दहन व्हायला हवं, आणि संगशाक तर सोडून यावं लागलं. ज्यांचं कलेवर मिळालं नाही, अशांची नावं म्यानमारात तौक्यान इथं रंगून मेमोरियलवर कोरली आहेत. जवळजवळ २७ हजार नावं आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. पण मराठी कानानं शोधू नका, इंग्रज कारकुनाच्या कानानं शोधा. रेजिमेंट 'महरट्टा' अशी लिहिलेली असते. गावाचं स्पेलिंग देवाला माहीत. आडनावाची पहिली तीन अक्षरं टाका, पलटण निवडा आणि मार्च १९४४ लावा. कधीकधी वडिलांचं आणि बायकोचं नावही दिलेलं असतं, त्यावरून खात्री पटते.

मिरची-मसाला

आमच्या आजोबांच्या कागदांत 'कऱ्हाड' तीन प्रकारे लिहिलंय आणि तिन्ही चूक.

गड_फिरस्ता

अवांतर: व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यांचं तरी बरं असतं. नाईक यशवंत घाडगे, ३/५ मराठा, १० जुलै १९४४, इटली. माणगावला पुतळा आहे. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोनेनं त्यांच्या स्मरणार्थ सौर घड्याळ उभारलं, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचा मजकूर आहे त्यावर. हीच ३/५ पुढं २ पॅरा झाली. १९७१ मध्ये ११ डिसेंबरला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात टांगाईलला छत्र्यांनी उतरली ती हीच, आणि तेव्हा ती ५० व्या पॅरा ब्रिगेडमध्येच होती. म्हणजे १९४४ ला मराठे त्या ब्रिगेडमध्ये पाहुणे होते, १९७१ ला घरचे.

हवालदार_निवृत्त

त्याआधी १९४८ ला काश्मीरच्या लढाईतलं झांगर पण याच ब्रिगेडचं. ब्रिगेडिअर उस्मान. आणि १९६१ ला पणजीत शिरले तेही हेच, सगत सिंगांच्या हाताखाली. ब्रिगेड अजून आहे, आग्र्याला.

स्वतंत्र विचार

हे माहीत नव्हतं. एक विचारतो, खोचक नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर ही नावं आहेत का?

खंदकातला वाचक

नाहीत. तिथली नावं १९४७ नंतरची. इंडिया गेटवरची पहिल्या महायुद्धाची आणि अफगाण लढाईची. दुसरं महायुद्ध दोन्हींच्या मधल्या फटीत पडलं. तुमचा 'कुठला देश' हा प्रश्न दगडातच कोरून ठेवलाय म्हणा.

शेंडेनक्षत्र

मग गावचा फलक जास्तच महत्त्वाचा. माझा मसुदा: "संगशाकच्या रणात अतुल पराक्रम गाजवून अमर झालेले".

सुप्रिया_ता

शेंडे, अतुल पराक्रम गाजवला हे तुम्हाला कुणी सांगितलं? कदाचित पहिल्याच दिवशी गोळी लागली असेल. कदाचित तहानेनं व्याकूळ होऊन पाणी शोधायला गेले असतील. आपल्याला माहीत नाही ते दगडावर का लिहायचं? विशेषणं काढा, नाव, पलटण, जागा, तारीख ठेवा.

शेंडेनक्षत्र

पण मग तो तलाठ्याचा उतारा वाटेल हो.

सुप्रिया_ता

सातबाऱ्यावरच्या नावाला आपण काय कमी जपतो?

मिरची-मसाला

+१. या एका वाक्यासाठी वाचनखूण साठवली.

कोयनेकाठचा

नाव मिळालं!

खंदकातले वाचक, तुम्ही सांगितलं तसंच शोधलं. आडनावात एक अक्षर चुकीचं, गावाचं नाव ओळखूच येत नव्हतं, पण खाली "यांचा मुलगा" आणि "हिचा पती" म्हणून दोन्ही नावं बरोबर. रंगून मेमोरियल. तारीख २६ मार्च १९४४.

मी ते आत्याला वाचून दाखवलं. तिचं वय ८७. तिनं जे सांगितलं ते मला आजवर माहीत नव्हतं. तारेत 'बेपत्ता' होतं, 'मृत' नव्हतं, म्हणून काकीआजीनं शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही. हळदीकुंकवाला बायका तिला बोलवायला बिचकायच्या, ती न बोलावता जायची आणि पुढं होऊन कपाळ करायची. तिच्या हयातीत घरात कुणी तात्याआजोबांचं श्राद्ध घालायचं नावही काढलं नाही. ती गेल्यावर सुरू केलं, पण तिथी माहीत नाही म्हणून सर्वपित्रीला. आत्याचा पहिला प्रश्न होता: "सव्वीस मार्च म्हणजे तिथी कुठली रे?" मला तो सुचलाच नव्हता. इतके दिवस मी तारीखच शोधत होतो.

गणितज्ञ_आजोबा

मी जुनी पंचांगं जमवतो, घरचे हसतात. त्या वर्षी अमावस्या २४ मार्चला होती. २५ मार्च, शनिवार, चैत्र शुद्ध प्रतिपदा, शके १८६६. गुढीपाडवा. २६ मार्च, रविवार, चैत्र शुद्ध द्वितीया.

पायी पायी

म्हणजे त्या टेकाडावर पाण्याचा थेंब नसताना आपल्याकडं दारोदार गुढ्या.

हवालदार_निवृत्त

मोर्चात कुणाच्या तरी लक्षात असणारच. सण विसरत नाही पलटण, आम्ही बर्फात होळी केलीये. संगशाकला कुणी काय केलं ते मी सांगू शकत नाही, पण लक्षात असणार.

स्वतंत्र विचार

कोयनेकाठचे, काकीआजींबद्दल वाचल्यावर माझं वरचं 'पगारी नोकरी' परत वाचलं. मत तेच आहे. सूर बदलायला हवा होता.

कोयनेकाठचा

अहो, तुमच्यामुळेच 'देशासाठी' का खुपत होतं ते कळलं. राग नाही.

शेंडेनक्षत्र

'वीरमरण' तरी राहू द्या. सरपंच ऐकणार नाहीत.

कोयनेकाठचा

शेवटचं कळवतो, मग धागा तुमच्या हवाली.

सरपंचांनी ऐकलं. म्हणजे त्यांनी नाही, आत्यानं ऐकवलं. ती काठी टेकत पंचायतीत गेली आणि म्हणाली, बाकीच्यांचं काय लिहायचं ते लिहा, आमच्या माणसाखाली मी सांगते ते लिहा. 'हुतात्मा' आता फलकाच्या वरच्या मथळ्यात गेलाय, सगळ्यांसाठी मिळून एकदा. त्यावरून कुणाचं भांडण नाही.

आमच्या दोन ओळी:

शिपाई, ४/५ मराठा लाइट इन्फंट्री. संगशाक, मणिपूर.
चैत्र शुद्ध द्वितीया, शके १८६६ (२६ मार्च १९४४).

आत्याला खाली काकीआजीचं नावही हवं होतं. सरपंच म्हणाले, त्या कुठं लढाईवर गेल्या होत्या? आत्या त्यांच्याकडं नुसती बघत राहिली. जागा मिळाली. तिसरी ओळ, बारीक अक्षरात.

कोरणाऱ्यानं कालच कागदावरचा नमुना व्हॉट्सअॅपवर पाठवला. सगळं नीट, फक्त 'संगशाक'चं 'संगमनेर' केलंय.

मिरची-मसाला

इंग्रज कारकुनाचा कान.

गणितज्ञ_आजोबा

नमुन्यात 'द्वितीया'चा 'द्वि' ऱ्हस्व आहे ना, तेही बघून घ्या.